विचारून धरलेला हात

“पाव्हण्यांसमोर हात हलवायचे न्हाईत. सारखं खाली बघायचं न्हाई. काई इचारलं की हो म्हणायचं. दुसरं काई बोलायचं न्हाई, कळलं?”

सत्यभामा मुलाच्या सदऱ्याच्या गुंड्या लावत होती. मुलगा म्हणजे काही लहान पोर नव्हे. उत्तरेश्वरला एकोणतीस सरून तिसावं लागलं होतं. पण नव्या कापडाची खळ त्याच्या अंगाला सोसत नसे. म्हणून तिनं तो सदरा धुऊन धुऊन मऊ केला होता आणि कॉलरमागची टोचणारी पट्टी उसवून टाकली होती.

“तिला सांगितलंय का?” उत्तरेश्वरनं भिंतीकडं बघत विचारलं.

“कुणाला? काय?”

“त्या पोरीला. मला ऑटिझम हाय म्हणून.”

“लग्न झाल्यावर कळंल की. संसाराला लागलं की समदं नीट होतंय.”

“मंग ती फसंल.”

सत्यभामानं शेवटची गुंडी लावली.

वाचकहो, हे घर तुमच्या-आमच्या ओळखीचंच आहे. पोरगं जरा वेगळं असलं की ‘लग्न करून टाका, सुधारतंय’ असं सांगणारे शेजारीपाजारी आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. सुधारणार कोण आणि त्यासाठी भरडली जाणार कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

दोन हजार एकोणीस सालचा उन्हाळा होता. तेलगावच्या आसपासची शिवारं नुसती उघडी पडली होती. उसाची चिपाडंसुद्धा जनावरांनी खाऊन संपवली होती. गावच्या दूध संस्थेनं माळावर जनावरांची छावणी उघडली होती आणि निम्मं गाव गुराढोरांसकट तिथंच राहायला गेलं होतं. छावणीच्या तोंडाशीच संस्थेचं संकलन केंद्र होतं. तिथं उत्तरेश्वर दुधाचे कॅन धुवायचा, भरलेले कॅन टेम्पोत चढवायचा. कामाला चोख होता. फक्त कॅनवर कॅन आदळला की तो दोन्ही कान झाकून घेई, म्हणून त्यानं फरशीवर गोणपाटं अंथरून घेतली होती.

तो बोलायला उशिरा लागला, शाळेत टिकला नाही, माणसांच्या डोळ्यांत बघत नाही, याला घरच्यांनी आधी खुळेपणा म्हटलं, मग बाहेरची बाधा. तो बावीस वर्षांचा असताना औरंगाबादच्या डॉक्टरांनी या सगळ्याला नाव दिलं. ऑटिझम, मराठीत स्वमग्नता. “हा रोग नाही,” डॉक्टर म्हणाले होते, “याची घडणच अशी आहे.” सत्यभामानं ते ऐकलं, मुलाला सांगितलं आणि गावापासून लपवून ठेवलं. नवरा त्याआधीच वारला होता. पुढं सगळा कारभार धाकट्या दिराच्या, सर्जेरावांच्या हाती आला. सर्जेराव संस्थेचे चेअरमन. स्थळही त्यांनीच आणलं होतं.

“पारूबाईचं घर हाय. ऊसतोडीवरून लवकर परत आलेत, हाताला काम न्हाई,” ते म्हणाले होते. “अशा सालात लोकं पोरी लवकर उजवतात. लई चौकशा करणार न्हाईत, वहिनी.”

जीप पारूबाईंच्या पत्र्याच्या घरासमोर थांबली. सतरंजी अंथरली होती. टँकरच्या पाण्याचा चहा झाला. त्यांची एकोणीस वर्षांची लेक अयोध्या डोक्यावर पदर घेऊन समोर येऊन बसली. सर्जेरावांनी मुलाचे गुण सांगितले. निर्व्यसनी, कामसू, बोलायला जरा कमी.

“काई इचारायचं आसंल तर इचारा,” पारूबाई उत्तरेश्वरला म्हणाल्या.

उत्तरेश्वरचे हात मांडीवर घट्ट दाबलेले होते. ते हळूहळू सुटले आणि बोटं हवेत फडफडायला लागली. “मला ऑटिझम हाय,” तो म्हणाला. “माय म्हणली सांगू नको. पण न्हाई सांगितलं तर ही फसंल. आणि मला हिच्याशी लगीन करायचं न्हाई. मला सारजा आवडते. छावणीतली. ती बादली वाजवत न्हाई.”

सत्यभामाला वाटलं, खालची जमीन दुभंगावी.

पारूबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. “बाई,” त्या सत्यभामाला म्हणाल्या, “आमी गरीब हावोत. पण तुमी बी लेकराची माय, मी बी लेकराची माय. माझ्या पोरीची गाठ अंधारात बांधायला निघालात कावून?”

सत्यभामाची मान खाली गेली. तेवढ्यात अयोध्या, जिचा आवाज अजून कुणी ऐकला नव्हता, ती उत्तरेश्वरकडं बघून म्हणाली, “दादा, खरं बोललात ते बरं झालं. मला बी आत्ता लगीन न्हाई करायचं. पर मला कुणी इचारलंच न्हाई.”

घरी परतल्यावर सर्जेराव भडकले. “सारजा म्हंजी ज्ञानोबाची ना? दोन महिन्यांत सासरच्यांनी माघारी पाठवलेली? ती येडी, हा असा, आन् गावानं तमाशा बघायचा? वहिनी, ह्याचं छावणीत जाणं बंद करा. मी ज्ञानोबाला बी सांगतो, पोरगी आवरून ठिव म्हणून.”

सत्यभामानं उत्तरेश्वरचं केंद्रावर जाणं बंद केलं. तिला वाटलं, चार दिवसांत विसरेल. उत्तरेश्वर धान्याच्या कणगीच्या आणि भिंतीच्या मधल्या सांदीत जाऊन बसला. बोलणं तुटलं, जेवण तुटलं. समोर ठेवलेली भाकरी तशीच वाळून जाई. मुलगा लहान असताना तिनं त्याचं असं बसणं पाहिलं होतं, पण तेव्हा त्याला उचलून मांडीवर घेता येत होतं. आता दाढीचे खुंट वाढलेल्या त्या माणसासमोर तिला नुसतं बसून राहावं लागत होतं.

अशात एके सकाळी संस्थेचे सचिव धर्मराज साळवे दारात आले. साळवे भाऊंची सगळी नोकरी आरोग्य खात्यात गेली होती. गावोगाव सायकलवर फिरून ते तापाच्या गोळ्या द्यायचे, आणि कुटुंबनियोजनाची साधनं वाटत, ज्या गोष्टी लोक कुजबुजतही नाहीत त्या पारावर बसून खणखणीत बोलायचे. सुरुवातीला लोक हसले, नंतर अडचण आली की त्यांनाच गाठू लागले.

“उत्तरेश्वर कामावर का न्हाई?” त्यांनी ओट्यावर टेकत विचारलं.

सत्यभामानं सगळं सांगितलं. मग म्हणाली, “भाऊ, त्याला काय कळतंय? लेकरू हाय ते अजून.”

“अक्का, रोज दाढी करणारं लेकरू मी तरी बघितलं न्हाई.”

“तसं न्हाई. मन लेकराचं हाय.”

“तुमी तसं धरून चाललात, कारण ते सोपं हाय,” साळवे भाऊ शांतपणे म्हणाले. “राग मानू नका. बोलत कमी म्हणून त्याला भूक न्हाई का? तहान न्हाई का? मंग जीव लावावा, कुणी आपल्याला जीव लावावा, कुणाच्या जवळ बसावं, ही भूक तेवढी कशी नसंल?”

कुणालाच न सांगितलेली गोष्ट मग सत्यभामाच्या तोंडून निघाली. “पंचविशीत होता तवा एकदा मी त्याला पडवीत नको तसा बघितला. एकटाच होता बिचारा. पर मी हातातलं लाटणं घेऊन मारलं त्याला. त्यानंतर वर्षभर तो आंघोळीला सुद्धा अंगावरचे कपडे काढीना. पाप वाटलं मला, भाऊ. कुणाला इचारणार?”

“पाप कुणाचंच न्हाई,” साळवे भाऊ म्हणाले. “त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, की हे शरीर तुझं हाय, त्याच्यात घाण काई न्हाई, फक्त ते दार लावून एकट्यानं करायचं असतंय. बाकीची पोरं हे दोस्तांकडनं शिकतात, अर्धं चुकीचं शिकतात, पर शिकतात. ह्याला दोस्त कोण? म्हणून मी सांगितलं.”

“तुमी? कवा?”

“छावणी सुरू झाली तवा. एका दुपारी हा सारजाच्या खोपीसमोर उन्हात नुसता टक लावून उभा. लोक काठ्या घेऊन आलते. मी त्याला बाजूला नेलं. इचारलं, काय पायजे? तर म्हणला, ‘मी तिला आवडतो का ते कसं कळतं?’ मी म्हणलं, असं उभं राहून कळत न्हाई. उलट तिला भ्या वाटतंय. इचारायचं. हो म्हणली तर हो. न्हाई म्हणली तर न्हाई. गप बसली तर ते बी न्हाईच. आज हो म्हणली म्हणून उद्याचं हो धरायचं न्हाई, उद्या परत इचारायचं. त्यानं ते सगळं माझ्याकडनं पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं.”

“आन् त्याला ते जमलं?”

साळवे भाऊ उठले. “ते मी सांगून काय उपयोग? त्याला कामावर पाठवा, आन् तुमी सवता येऊन बघा.”

उत्तरेश्वर सांदीतून बाहेर यायला तयार नव्हता. सत्यभामा त्याच्यापासून हातभर अंतरावर खाली बसली आणि म्हणाली, “उद्यापासून केंद्रावर जा. मी तुला अडवणार न्हाई.” थोड्या वेळानं त्यानं भाकरी ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर ती छावणीत गेली. मक्याच्या पेंढ्या उतरवून झाल्या होत्या. जनावरं गव्हाणीत तोंडं घालून उभी होती. वैरणीच्या गंजीपलीकडं एका मोकळ्या बैलगाडीच्या जुवावर उत्तरेश्वर आणि सारजा बसले होते. चारचौघांच्या नजरेसमोर, पण माणसांच्या गलक्यापासून दूर. दोघांत पुरेसं अंतर होतं. सारजा सत्तावीस-अठ्ठावीसची, अंगानं बारकी. केस तिनं अगदी आखूड कापलेले होते, मानेवर रुळलेले तिला चालत नसत. ती मक्याच्या पानाची बारीक वेणी घालत होती. उत्तरेश्वर पुढं-मागं डुलत होता. बराच वेळ कुणी कुणाशी बोललं नाही. सत्यभामाला वाटलं, हेच का ते प्रेम? दोन मुकी माणसं.

तेवढ्यात उत्तरेश्वरनं विचारलं, “हात धरू का?”

सारजानं वेणीवरची नजर काढली नाही. “आज नगं. आज अंगाला कायबी लागलं तर टोचतंय.”

“बरं,” उत्तरेश्वर म्हणाला.

नुसतं बरं. ना तोंड पडलं, ना राग आला. तो पुन्हा डुलायला लागला. थोड्या वेळानं सारजा म्हणाली, “उद्या इचार.”

“उद्या इचारतो,” तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जे सत्यभामानं आपल्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

गंजीआड उभ्या असलेल्या त्या बाईच्या डोळ्यांना धार लागली. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं. नवरा वाईट नव्हता, कष्टाळू होता, कधी हात उगारला नाही. पण एवढ्या वर्षांच्या संसारात ‘तुला आज बरं वाटतंय का, तुझ्या मनात आहे का’, असं त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. आणि असं विचारायचं असतं हे तिलाही ठाऊक नव्हतं. ज्याला ती लेकरू समजत होती त्याला ते ठाऊक होतं. शिकवणारा एक माणूस भेटला, एवढंच पुरलं होतं.

ती पुढं झाली. उत्तरेश्वर दचकून उभा राहिला. “बस बाळा,” ती म्हणाली, मग स्वतःलाच दुरुस्त करून म्हणाली, “बस, उत्तरेश्वर.” सारजापासून जरा लांब ती मातीत बसली. “सारजा, तुला हा आवडतो?”

“व्हय,” सारजा म्हणाली. “हा इचारतो. सासरी कुणी इचारत नव्हतं. रातीला नवरा एकदम धरायचा. मी वरडले की म्हणायचे, येडी हाय. मी येडी न्हाई. मला एकदम धरलेलं सोसत न्हाई.” तिनं हे सगळं एका सुरात सांगितलं, जणू जनावराला काय चारलं ते सांगावं. ऐकणारीच्या काळजाला मात्र घरं पडली.

“तू येडी न्हाईस, पोरी,” सत्यभामा म्हणाली. “आमाला कळलं न्हाई.”

त्याच संध्याकाळी ती सारजाच्या बापाच्या, ज्ञानोबाच्या खोपीशी गेली. ज्ञानोबा थकलेला, अबोल माणूस. सर्जेरावांचा निरोप त्याला पोचला होता, म्हणून चेअरमनच्या भावजयीला बघताच तो हात जोडून उभा राहिला. “बाई, पोरीला मी आवरतो. चूक झाली.”

“चूक माझी हाय, ज्ञानोबा भाऊ,” सत्यभामा म्हणाली. “मी लपवायला आले न्हाई, सांगायला आलेय. आमच्या उत्तरेश्वरला ऑटिझम हाय. गोंगाट सोसत न्हाई, मनातलं पटकन सांगता येत न्हाई, कवा कवा सांदीत जाऊन बसतो. पर खोटं बोलत न्हाई. तुमच्या पोरीला तो आवडतो, त्याला ती आवडते. पुढं काय करायचं, ते आपण त्या दोघांना इचारू.”

“आमची बी तशीच हाय बाई. बारीकपणापासून. बीडच्या कोर्टात फारकत झाली तवा समद्यांनी पोरीलाच बोल लावला. मी बी लावला.” त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. “तुमी म्हणताव तर देऊन टाकू की लगीन लावून. पोरीला काय इचारायचं?”

“तेच तर इचारायचं हाय.”

सारजाला बोलावलं. तिनं विचार करायला बराच वेळ घेतला. मध्ये कुणी बोललं नाही. शेवटी म्हणाली, “लगीन आत्ता न्हाई. आधी बघू दे. पर त्यानं रोज यावं. आन् त्याच्या काकांनी वरडू नये.”

सर्जेराव ओरडायचे थांबले नाहीत. “वहिनी, लोकं काय म्हणतील? भर छावणीत पोरगं-पोरगी बसत्यात, आन् तुमी मुभा देताव?” सत्यभामा उभ्या आयुष्यात दिरासमोर मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. “भावजी, एका अनोळखी पोरीला फसवून आणून तिच्या खोलीचं दार बाहेरनं लावणार होतो आपण. तवा लोकांची लाज वाटली न्हाई. आता दोघं एकमेकाला इचारून बसत्यात, तर लाज वाटतीय?” सर्जेराव पायताण घालून निघून गेले. पण त्यानंतर छावणीत आले की त्या बैलगाडीच्या बाजूला फिरकत नसत. त्यांचं वळणं तिथूनच सुरू झालं असावं.

साळवे भाऊंनी दोघांना बीडला एका बाई डॉक्टरांकडं नेलं. सारजालाही स्वमग्नताच आहे असं त्या म्हणाल्या. ज्ञानोबानं, “म्हंजी खूळ न्हाई ना?” असं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. डॉक्टरबाईंनी त्या दोघांशी घरच्यांना बाहेर बसवून मोकळेपणानं बोलून घेतलं. जवळ येणं म्हणजे काय, कुठला स्पर्श सोसतो, कुठला नाही ते एकमेकांना कसं सांगायचं, मूल हवं की नको हे कधी आणि कसं ठरवायचं. बाहेर बाकावर बसलेल्या सत्यभामाला आत काय चाललंय ते कळत होतं आणि लाजही वाटत होती. शेजारी साळवे भाऊ पेपर वाचत होते. पानाआडून म्हणाले, “अक्का, हे समद्याच पोरापोरींना लग्नाआधी सांगितलं असतं, तर कोर्टातली निम्मी गर्दी कमी झाली असती.” सत्यभामाला हसू आवरलं नाही.

पुढल्या वर्षी ओढे-नाले वाहिले, छावणी केव्हाच उठली होती, आणि सारजा एक दिवस स्वतःच म्हणाली, “आता करू लगीन.” बीडला रजिस्टर पद्धतीनं लग्न झालं. बँड नाही, फटाके नाहीत, अक्षतांचा मारा नाही. सर्जेराव येणार नाहीत असंच सगळ्यांनी धरलं होतं. ते आले, मागच्या खुर्चीत बसले, आणि सही झाल्यावर पुढं येऊन पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. मध्येच थबकले. “ठिवू का रे हात?” त्यांनी विचारलं. “ठिवा,” उत्तरेश्वर म्हणाला.

संसार सोपा नाही. भांडणं होतात. सारजाला कांदा परतल्याचा वास सोसत नाही, उत्तरेश्वरला तिचं एकच गाणं दिवसभर गुणगुणणं. खोलीत दोन बाजा आहेत. कधी त्या जवळ असतात, कधी लांब. त्याची विचारपूस सत्यभामा करत नाही. तिच्या घरातलं एक दार आता आतून बंद होतं, आणि त्या दाराचा मान ती राखते.

संस्थेच्या वार्षिक सभेला बायकांच्या बाजूला सरूबाई नावाची एक माय तिच्याजवळ सरकली. तिची मुलगी तिशीची, तशीच अबोल. घरचे कुणाच्या तरी गळ्यात बांधायला निघालेले. “सत्यभामाबाई, आमच्या पोरीनं काय करावं?” तिनं हळूच विचारलं.

“मला कशाला इचारता?” सत्यभामा म्हणाली. “घरी जा. पोरीजवळ बसा, जरा अंतर ठेवून. तिला इचारा. उत्तर यायला येळ लागंल, लई येळ लागंल. तवर तिच्या वतीनं तुमी बोलू नका.”

सरूबाई सभा संपायची वाट न बघता उठून घरी गेली.

वाचकहो, आपल्या घरातल्या वेगळ्या माणसाला आपण खाऊ-पिऊ घालतो, न्हाऊ-माखू घालतो, आणि तेवढ्यानं आपलं कर्तव्य झालं असं समजतो. त्याला हृदय आहे आणि शरीर आहे, कुणावर जीव जडवायचा हक्क आहे आणि नाही म्हणायचाही हक्क आहे, हे मानायला मात्र आपण तयार नसतो. त्याची दया करण्यापेक्षा त्याला खरं सांगावं, शरीराची ओळख लाज न धरता करून द्यावी. आणि त्याच्या आयुष्याचा निर्णय घेण्याआधी त्याला विचारावं, मग उत्तराची वाट बघण्याइतका धीर धरावा. जिथं विचारलं जातं, तिथंच प्रेम टिकतं. वेगळ्या माणसांचंही, आणि तुमचं-आमचंही.